४० दिवस

मंगळवार, रात्र

संध्याकाळी पुतणीचा फोन आला. तिला वादविवाद स्पर्धेत बोलायचंय आणि विषय आहे, जुलमी सरकारविरुद्ध बंड करण्याचा नागरिकांना हक्क आहे का. "काका, एका वाक्यात सांग ना, आहे की नाही?" मी "आहे" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. जेवण उरकलं आणि कपाटातली पुस्तकं काढून बसलो.

आधी महाभारत उघडलं. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की, 'मी तुमचं रक्षण करीन' असं म्हणून जो राजा रक्षण करत नाही, त्याला प्रजेने पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारावं. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नापुढे हतबल झालेले हेच भीष्म. पण आज माझी नजर अडकली ती त्या श्लोकातल्या 'संहत्य' या शब्दावर. संहत्य म्हणजे एकत्र येऊन. एकट्याने खंजीर घेऊन धावण्याबद्दल हे बोलणं नाही.

मग मॅग्ना कार्टा. इंग्लंडच्या १२१५ सालच्या या सनदेतलं ६१ वं कलम मी याआधी नुसतं चाळलं होतं, आज सावकाश वाचलं. राजा जॉनने वचन मोडलं तर काय करायचं, याची रीतसर पद्धतच त्यात लिहिलेली आहे. सरदारांनी आपल्यातले २५ जण निवडायचे. त्यातल्या चौघांनी राजापुढे जाऊन गाऱ्हाणं मांडायचं आणि दाद मागायची. ४० दिवसांत दाद मिळाली नाही, तर त्या पंचवीस जणांनी सगळ्या रयतेला सोबत घेऊन राजाचे किल्ले, जमिनी, मालमत्ता ताब्यात घ्यायची. मात्र राजा, राणी आणि त्यांची मुलं यांच्या अंगाला हात लावायचा नाही. आणि दाद मिळाली की पुन्हा पूर्वीसारखं राजाच्या आज्ञेत राहायचं.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. बंड करायचं आणि काम झालं की घरी परतायचं! सत्ता बळकावण्याचा विचारच त्यात नाही, हवी आहे ती फक्त दाद. कलम टिकलं नाही, ही गोष्ट वेगळी. दोन-अडीच महिन्यांतच पोपने सनद रद्द ठरवली, यादवी पेटली, आणि १२१६ मध्ये सनद पुन्हा काढली तेव्हा हे कलम गाळलेलं होतं. राज्य करणाऱ्याला ते नकोसं होणारच. तरीही ते ४० दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

पुढच्या कागदांत ही मुदत कुठे दिसत नाही. फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यात दडपशाहीचा प्रतिकार हा माणसाचा नैसर्गिक हक्क म्हटला आहे. १७९३ च्या राज्यघटनेत तर बंड हा सर्वात पवित्र हक्क आणि सर्वात अटळ कर्तव्य ठरलं, पण ती राज्यघटना कधी अमलात आलीच नाही. पश्चिम जर्मनीने १९६८ मध्ये आपल्या राज्यघटनेच्या २० व्या कलमात भर घातली. सरकारला आणीबाणीचे अधिकार दिले, त्याच दुरुस्तीत लोकशाही व्यवस्था उलथू पाहणाऱ्याचा प्रतिकार करण्याचा हक्क नागरिकांनाही दिला. अट एकच, दुसरा उपाय उरलेला नसला पाहिजे.

पण उपाय उरला नाही, हे ठरवायचं कोणी? न्यायालयाने म्हणावं, तर न्यायालय शाबूत आहे म्हणजे एक उपाय उरलाच की. जर्मनीतच २३ मार्च १९३३ ला संसदेने आपले अधिकार हिटलरच्या सरकारच्या हवाली केले, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी. बाहेर आणि आत दंडेली होती, पण वर कायद्याचा शिक्का होता. दार रीतसर मतदान घेऊन बंद झालं. 'आता काही उपाय नाही' अशी खात्री पटायच्या आत विरोध करणारे कितीतरी जण तुरुंगात पोचले होते.

डॉ. आंबेडकर २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत म्हणाले होते की, सनदशीर मार्ग खुले असताना असनदशीर मार्गांचं समर्थन होऊ शकत नाही. मला ते मनापासून पटतं. मात्र हे वाक्य पुष्कळदा फक्त आंदोलकांना ऐकवलं जातं. ते राज्यकर्त्यांनाही तितकंच लागू आहे, मार्ग खुले ठेवण्याची जबाबदारी त्यांची आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची प्रस्तावनाही तेच सांगते. माणसावर अखेरचा उपाय म्हणून बंडाची पाळी येऊ द्यायची नसेल, तर त्याच्या हक्कांना कायद्याचं संरक्षण हवं.

आणि आठवलं कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतलं लाइपझिग शहर, ९ ऑक्टोबर १९८९. सरकारविरुद्ध सुमारे ७०,००० माणसं रस्त्यावर उतरली होती. समोर पोलीस सज्ज होते, गोळीबार होईल या धास्तीत लोक घरातून निघालेले. हातात मेणबत्त्या. तिथल्या एका पाद्र्यांनी नंतर सांगितलं होतं की मेणबत्तीला दोन्ही हात लागतात, एका हातात ती धरायची आणि दुसऱ्याने ज्योतीला आडोसा करायचा, मग दगड उचलायला हात उरतच नाही. त्या रात्री गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली.

पुतणीला उद्या सकाळी पुन्हा फोन करणार आहे. उत्तर 'आहे' हेच राहील. पण भाषणाची सुरुवात तिने त्या चार माणसांपासून करावी, जी सगळ्यांच्या वतीने राजासमोर उभी राहून गाऱ्हाणं मांडतात आणि दिवस मोजू लागतात.