बागेचा प्लॅन चार वेळा खोडला तेव्हा कुठे जमलं (माझा अनुभव)

तर झालं असं की घरामागची मोकळी जागा, साधारण ३० बाय ४० फूट, दोन वर्षं नुसती पडून होती. गवत, एक फुटकी बादली आणि वाळत घातलेले कपडे, एवढंच काय ते. एका रविवारी मी जाहीर करून टाकलं की आता इथे बाग करायची आणि ती सगळ्यांना आवडेल अशीच करायची. "सगळ्यांना" म्हणाले आणि तिथेच फसले.

घरात आम्ही पाच जणं. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या वॉकर घेऊन चालतात. नवऱ्याला बागेत काम अजिबात करायचं नाही, पण बसायचं मात्र आहे. मुलगी बारा वर्षांची, तिला जिथे कोण्णी येणार नाही अशी जागा हवी. धाकटा चार वर्षांचा, त्याला चिखल हवा. आणि मला भाजीचे वाफे.

मी काय केलं, प्रत्येकाला कागद दिला आणि म्हटलं काय काय हवंय ते लिहा. चूक नंबर एक. कारंजं आलं, ट्रॅम्पोलिन आलं, झाडावरचं घर आलं (झाडच नाहीये!), कमळाचं तळं आलं. सासूबाई म्हणाल्या, "माझं काही नाही गं, तुम्हाला हवं ते करा." मी तेव्हा ते अगदी शब्दशः घेतलं आणि पहिल्या प्लॅनमध्ये त्यांच्यासाठी खरंच काही नव्हतं, आता आठवलं की लाज वाटते.

तो कागद टाकून दिला आणि मग एक आठवडा मी फक्त बघत बसले. कोण कुठे जातं, किती वाजता, काय करतं, सगळं फोनमध्ये टिपत गेले. घरच्यांना वाटलं हिला काहीतरी झालंय. पण त्या आठवड्यात जे कळलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. सासूबाई रोज सकाळी सात-सव्वासातला मागचं दार उघडून चौकटीला धरून उभ्या राहतात, पंधरा-वीस मिनिटं, आणि परत आत जातात. खाली उतरत नाहीत, कारण दोन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. धाकटा कुठेही सोडला तरी पाच मिनिटांत नळाखाली. मुलगी पाण्याच्या टाकीमागे पाय पोटाशी घेऊन वाचते. आणि नवरा कायम डाव्या कोपऱ्यात, मला वाटायचं त्याला तिथली हवा आवडते, तर तिथे मोबाईलला रेंज येते!

मग ऊन. सकाळी ८ पासून दर दोन तासांनी सावली कुठवर आलीय तिथे खुंट्या ठोकल्या. वाफ्यांसाठी मी मनात जो कोपरा धरला होता तिथे जेमतेम तीन तास ऊन निघालं, आणि टोमॅटो-वांग्यासारख्या फळभाज्यांना सहा ते आठ तास लागतं. सगळ्यात चांगलं ऊन होतं कपड्यांच्या दोरीखाली. म्हणजे एवढी वर्षं आमचे टॉवेल उत्तम उन्हात वाढत होते. दोरी हलवायची म्हटल्यावर जे वाद झाले ते इथे लिहीत नाही.

पाणी मुरतं का हेही बघितलं, हे मात्र प्रत्येकाने करावं असं मला वाटतं, खर्च शून्य. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा, पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, परत भरायचा आणि मग तासाला किती उतरतं ते मोजायचं. एक-दोन इंच उतरलं तर ठीक. धाकटा पट्टी घेऊन खड्ड्याशी बसला होता, दर मिनिटाला "उतरलं!" वाफ्यांच्या जागी दीड इंच आलं, नळाशेजारी अर्धा इंचसुद्धा नाही. तिथे बहुतेक झाडांची मुळं कुजली असती. म्हणून ती जागा धाकट्याला देऊन टाकली, चिखलासाठी याहून चांगली जमीन कुठे मिळणार, आणि शिवाय ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच दिसते.

कुंपणाला एक जुनी कण्हेर होती, बारा महिने गुलाबी फुलं. कण्हेर मुळापासून पानापर्यंत विषारी असते, आणि आमचा धाकटा अजून अधूनमधून पानं चावून बघणारा. सासूबाईंना ती तोडायची कल्पना मुळीच पटली नाही. "आमची मुलं नाही का वाढली तिच्याशेजारी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण तरी काढली. हातमोजे घालून तोडली, पोत्यात भरली, जाळली नाही कारण तिचा धूरही वाईट. त्या जागी जास्वंद लावली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. वाटेवर मी बारीक खडी टाकली. फोटोत फार सुंदर दिसते हो! पहिल्या दिवशी सासूबाईंना हौसेने घेऊन आले, दोघांनी धरून पायऱ्या उतरवल्या, त्यांनी वॉकर पुढे टाकला आणि पुढची चाकं खडीत रुतली. उचलून पुढे टाकला, परत रुतली. चौथ्या पावलाला त्या थांबल्या, खडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राहू दे गं, मी दारातूनच बघते." वैतागून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खडी दुसऱ्याच दिवशी भरून ठेवली. खरखरीत फरशी बसवली, सांधे नीट भरून, वाट तीन फूट रुंद आणि वळणावर पाच, म्हणजे वॉकर घेऊन आरामात फिरता येतं. पायऱ्यांच्या जागी उतार करायचा ठरलं. गवंडी म्हणाला पाच फुटांत बसवतो. मी म्हटलं नाही, एक इंच उंचीला एक फूट लांबी धरायची, आमची उंची १२ इंच, म्हणजे १२ फूट उतार. तो माझ्याकडे असा बघत राहिला की बस्स. उताराने बरीच जागा खाल्ली हे खरंय, माझा एक अख्खा वाफा त्यात गेला, पण बाजूला कठडा लावल्यावर सासूबाई तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता एकट्या खाली उतरल्या. मी खिडकीतून बघितलं आणि मुद्दाम बाहेर गेले नाही.

त्यांच्यासाठी उताराच्या शेवटी एक उंच वाफा बांधला, अडीच फूट उंच, म्हणजे न वाकता हात पोचतो. रुंदी दोनच फूट ठेवली, कारण एकाच बाजूने काम करायचं तर त्यापुढे हात जात नाही. कडेला रुंद फळी, दमलं की टेकायला. त्यात मोगरा, पालक, मेथी, आणि पुदिना मात्र कुंडीसकट पुरला, नाहीतर तो सगळा वाफा गिळतो.

कमळाचं तळं कटाप. लहान मूल घरात असताना चार बोटं पाणीसुद्धा धोक्याचं. त्याऐवजी उंचावर पक्ष्यांसाठी पसरट परात ठेवली, पाणी एक दिवसाआड बदलतो, नाहीतर डास होतात. बाकी नवऱ्याला रेंजच्या कोपऱ्यात बाक मिळाला, तो सुखी. मुलीच्या टाकीमागच्या जागेपुढे जाळी उभारून वेल सोडलाय.

याला आता आठ महिने झाले. वेल जेमतेम कमरेपर्यंत आलाय त्यामुळे जाळीवर अजून जुनी चादर टांगलेली आहे आणि तीच चादर येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते. धाकट्याचा चिखल रोज घरात येतो. आणि ज्यांचं काही नव्हतं त्या सासूबाई परवा म्हणाल्या की वाफा लहान पडतोय, अजून एक हवा, तोही उन्हातला. मी परत खुंट्या घेऊन फिरले. तेवढं ऊन असलेली आणि फरशीला लागून अशी एकच जागा शिल्लक आहे, डाव्या कोपऱ्यातली, बाकाची. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.