टिकलीला काम हवं असतं
बार्नस्टेपल (इंग्लंड), नोव्हेंबर, रविवार

साडेचारलाच अंधार झाला, तरी माझी कुत्री टिकली काही आडवी झालेली नाही. टॉवेलाच्या गुंडाळीत लपवलेला खाऊ तिनं बघता बघता शोधून काढला. आता माझ्यासमोर उभी आहे. पुढचं काम काय, हे विचारत.

जात जॅक रसेल टेरियर. वजन जेमतेम सहा किलो. सकाळी टार्का ट्रेलवरून, टॉ नदीच्या खाडीकाठानं, फ्रेमिंग्टन क्वेपर्यंत जाऊन आलो. पाऊस तिरपा झोडपत होता. परतल्यावर मी चहा टाकला आणि ही थेट बागेतल्या वाळूच्या खड्ड्यात. तो खड्डा तिच्यासाठीच केलाय. तिला खणायचंच असतं. हक्काची जागा मिळाल्यापासून तिनं गुलाबांच्या मुळांना हात लावलेला नाही.

“किती हायपर आहे हो तुमची कुत्री!” असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. इथून जवळच स्विमब्रिज गाव आहे. या जातीला ज्यांचं नाव मिळालं ते रेव्हरंड जॉन ऊर्फ जॅक रसेल तिथले पाद्री, 1883 साली वारले, तिथल्याच चर्चच्या आवारात पुरलेत. ऑक्सफर्डला शिकत असताना, 1819 मध्ये, त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली, असं सांगतात. तिच्या शेपटीच्या मुळाशी पेनीएवढा तपकिरी ठिपका होता. टिकलीचा ठिपका कपाळावर आहे, नाव त्यावरूनच.

पूर्वी कोल्ह्यांच्या शिकारीत या कुत्र्यांनी शिकाऱ्यांच्या घोड्यांमागे मैलोन् मैल धावायचं, कोल्हा बिळात शिरला की मागोमाग आत घुसायचं आणि भुंकून भुंकून त्याला बाहेर काढायचं. मारायचं नाही. बिळात शिरता यावं म्हणून छाती इतकी निमुळती, की दोन्ही हातांच्या ओंजळीत मावावी. टिकलीची मावते. तिला उचलताना बोटं एकमेकांना टेकतात आणि आत काळीज धडधडत असतं.

आणि मुख्य म्हणजे, जमिनीखाली मालकाची हाक पोचत नाही. पुढे सरायचं की थांबायचं, हे त्या अंधारात तिचं तिनंच ठरवायचं. दोनशे वर्षं माणसांनी हाच स्वभाव निवडून निवडून जोपासला. मग बांधातल्या सशाच्या बिळात अर्धं अंग घातलेलं असताना ती माझं ऐकत नाही, यात हट्टीपणा कसला? इथल्या वाटांच्या दोन्ही अंगांना मातीचे उंच बांध, त्यांत बिळंच बिळं. खोल शिरलेली टेरियर आत अडकून पडू शकते. म्हणून लांब दोर. मेंढ्यांच्या कुरणापाशी तर तोही आखडून धरते.

आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “अगं, ही पोर जरा टेकत कशी नाही? तू दमत असशील.” दमते की. पण बारा तासांची ड्यूटी करून घरी आल्यावर कुणीतरी इतक्या उत्साहानं जगत असलेलं बघायला मिळतं, ते मला हवंच आहे.

आता खोक्यात कागदाचे कपटे भरून त्यात चीजचे तुकडे लपवते. उद्या माझी सकाळची पाळी, म्हणजे फिरणं पहाटे पाचला. टॉर्च चार्जिंगला लावायचाय.