बाप्पाबरोबर मी पण जाऊ?

अनंत चतुर्दशीची संध्याकाळ. वस्तीतल्या आमच्या अभ्यासवर्गाचा गणपती एवढासा, शाडूचा. नगर निगमची विसर्जनाची गाडी कोपऱ्यावर उभी होती आणि पोरं घसा फोडून ‘पुढच्या वर्षी लवकर या’ ओरडत होती. दुसरीतल्या एका मुलीनं माझा पदर ओढला. "काकू, बाप्पा आता त्याच्या घरी चालला ना? मग मी पण जाऊ त्याच्याबरोबर?"

माझ्या पोटात गोळाच आला. आषाढात तिची आई गेली, काविळीनं. घरात सगळ्यांनी तिला एकच सांगितलं होतं, आई देवबाप्पाकडे गेली. दहा दिवस आरतीला ती मूर्तीकडे पाठ करून बसत होती आणि मी तिला दोनदा हटकलंही होतं. आईला ज्यानं नेलं त्याच्यापुढे टाळ्या कशा वाजवायच्या, हा तिचा हिशेब मला त्या संध्याकाळी उमगला.

मला तरी तो आधी कळायला हवा होता. मी नऊ वर्षांची असताना बाबा गेले. मला देवासला आत्याकडे पाठवलं आणि सांगितलं, बाबा कामाला मुंबईला गेलेत. परत इंदूरला, रामबागेतल्या घरी आले तर खुंटीवरची टोपी नव्हती, सायकल नव्हती, आणि कुणी काही बोलत नव्हतं. दोन वर्षं मी गल्लीत सायकलची घंटा वाजली की दाराशी धावायचे. घरच्यांनी हे मायेपोटी केलं, हे मला ठाऊक आहे. पण त्या दोन वर्षांत मी एकटीच होते.

म्हणून त्या दिवशी गाडी गेल्यावर तिला घेऊन मंदिराच्या पायरीवर बसले. म्हटलं, "आई मेली बाळा. तिचं शरीर बंद पडलं. ती आता परत येणार नाही, आणि आपल्यालाही तिथं जाता येत नाही." मेली हा शब्द उच्चारताना माझाच आवाज कापत होता. ती रडली नाही. विचारत राहिली.

"तिला भूक लागत असेल?"
"नाही."
"थंडी?"
"नाही. काहीच दुखत नाही आता."
"मी पाणी आणायला उशीर केला होता."
"त्यानं नाही मेली. काविळीनं मेली. तुझ्यामुळे काही झालं नाही."

हे शेवटचं मी तिला त्या पंधरवड्यात किमान दहा वेळा सांगितलं असेल, कारण तिनं तितक्यांदा विचारलं. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याला खायला-प्यायला लागत नाही, हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू कळू लागतं. त्या वयात ‘झोपली’, ‘गावाला गेली’, ‘तारा झाली’ हे सगळं ती शब्दशः घेतात. झोपली म्हणावं तर मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. आणि दहा मिनिटं रडून मूल लंगडी खेळायला पळालं, तर ‘याला काही वाटत नाही’ असं कृपा करून म्हणू नका. मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यानं येतं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. इकडे माळव्यात त्या दिवसापासून मुली संजा मांडतात. भिंतीवर शेणानं आकृत्या थापायच्या, फुलांच्या पाकळ्यांनी सजवायच्या, संध्याकाळी गाणी म्हणायची, ते थेट सर्वपित्री अमावास्येपर्यंत. शेजारच्या मालवी मुली हिला बोलवायला आल्या. आजी दारातच आडवी आली. हे कुटुंब बुऱ्हाणपूरकडचं, घरात मराठी. "वरीस व्हायच्या आत घरात सण कसा करू बाई?"

मी वाद घातला नाही. ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घराच्या रीतीवर पाय देऊन तिथल्या लेकराला धीर देता येत नाही, असं मला वाटतं. मी एवढंच म्हटलं, "ताई, संजा पितरांच्या पंधरवड्यातच येते. पोरीच्या हाताला काहीतरी काम हवंय." आजी बराच वेळ चुलीकडे बघत होती. मग म्हणाली, "भिंत शेजारची असू दे. आपल्या घरची नको."

मधल्या दिवसांत अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध या तिथीला. शेजारच्या एका सुवासिनीला जेवायला बोलावलं होतं. आजीनं नातीच्या हातात पान दिलं आणि कावळ्यासाठी घराच्या पत्र्यावर तिलाच ठेवायला लावलं. खीर तिनं स्वतः वाढली, जरा जास्तच. त्या संध्याकाळी शेजारच्या भिंतीवर चंद्र आणि सूर्य झाल्यावर तिनं बाजूला शेणाची एक आडवी पट्टी थापली, आगपेटीच्या काडीनं तिला दाते पाडले, टोकांना तेरड्याच्या गुलाबी पाकळ्या चिकटवल्या. कंगवा. आई गेल्यापासून तिची वेणी कुणी घातली नव्हती. तिच्या घरातल्या काकूनं केस कापून टाकले होते, रोज विंचरणार कोण म्हणून.

सगळ्या घरांच्या रीती सारख्या नसतात. आमच्याकडे आलिराजपूरचा एक भिलाला आदिवासी मुलगा येतो, त्याचे वडील बांधकामावरून पडून गेले. गावी त्यांच्या नावाचा गातला, म्हणजे स्मृतीचा दगड, उभा करायला तो आठ दिवस वर्ग बुडवून गेला. परत आल्यावर त्यानं पाटीवर दगडावरचा घोडेस्वार काढून दाखवला. त्याच्याकडून तेव्हा पाढे म्हणून घेतले नाहीत, घोड्याबद्दल विचारलं. दहा वर्षांच्या मुलाला लोक म्हणतात, "अब तू ही घर का बड़ा है." हे वाक्य मात्र कोणत्याही रीतीत बसवू नका. घोडा काढताना तो लहानच होता.

आणि एक रोकडी गोष्ट, कारण वस्तीत शोकाबरोबर उपासमारही येते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून घ्या, तोवर उशिराचा दंड लागत नाही. पुढे प्रत्येक खिडकीवर तोच दाखला मागतात. पालक गमावून नातेवाइकांकडे राहणाऱ्या गरजू मुलांना मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिना ४,००० रुपये मिळू शकतात, त्यासाठी जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयात जावं लागतं. तेराव्याच्या गडबडीत ही धावपळ घरच्यांकडून होत नाही, शेजाऱ्यानं करावी. मूल खाईना, झोपेना, ‘मला पण जायचंय’ म्हणत राहिलं तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. हिंदीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

अमावास्येला मुलींनी भिंतीवरून खरवडलेलं सगळं शेण टोपलीत भरून पाण्यात सोडलं. कंगवाही गेला. मला वाटलं ती अडून बसेल. तिनं स्वतःच टोपली पालथी केली आणि हात धुतले.

परत येताना म्हणाली, "संजा पुढच्या वर्षी येते ना?"

"येते."

"आई येत नाही."

"नाही."

"पण नवमीला पान ठेवायचं."

"हो, तूच ठेवायचं."

घरी आजी उंबऱ्यावर तेलाची वाटी घेऊन बसली होती. केस जेमतेम खांद्यापर्यंत आले होते, वेणी काही होईना. आजीनं दोन बोटांएवढ्या दोन शेंड्या बांधल्या आणि लाल रिबिनीला गाठ मारली.