खापरपणजीच्या आईचा रोजनामा

कोर्टाच्या नक्कल विभागात 31 वर्षं काढली की एक खोड लागते. हाताने लिहिलेला जुना कागद दिसला की तो वाचल्याशिवाय चैन पडत नाही. गेल्या वर्षी मुलाकडे ऑस्ट्रेलियात, टास्मानिया बेटावरच्या होबार्टला सहा महिने राहिले, तेव्हा ही खोड कामी आली.

सून तिथलीच, टास्मानियाची. तिची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, एकदा जेवताना सहज म्हणाल्या, "आमच्यातली एक बाई कैदी म्हणून आली होती म्हणे. पण आजीसमोर हा विषय काढायची सोय नव्हती." आजीच्या काळात घरात कैदी निघणं म्हणजे खानदानाला बट्टा. आता सगळं उलटं आहे, ज्याच्या घरात कैदी निघत नाही तोच खट्टू होतो. विहीणबाईंच्या हातात होतं काय? बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि "अठराशे चाळीसच्या आसपास". मी म्हटलं, शोधू या.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण अंदमानची कैद्यांची वसाहत 1858 ची. त्याच्या 70 वर्षं आधीपासून इंग्रज स्वतःच्याच देशातल्या कैद्यांना ऑस्ट्रेलियात धाडत होते. त्यात बायका सुमारे 25,000, आणि त्यातल्या निम्म्या एकट्या टास्मानियात. तेव्हा त्या बेटाचं नाव व्हॅन डीमेन्स लँड. गुन्हे बहुतेक किरकोळ चोरीचे. सजा 7 वर्षांची असली तरी ती संपल्यावर परतीचं भाडं सरकार देत नसे, त्यामुळे सात काय आणि जन्मठेप काय, फरक कागदावरच.

टास्मानियाच्या सरकारी दफ्तरखान्याची नावांची सूची इंटरनेटवर फुकट बघता येते. नाव टाकलं तर एकाच नावाच्या चार बायका पुढे आल्या. वंशावळीची एक साइट आहे, सुनेने तिथे पैसे भरलेले होते. त्या साइटने छातीठोकपणे एक बाई जोडून दिली आणि मीही मान डोलावली. तीन आठवडे तिचे कागद उतरवत बसले. तिचं एक मूल दगावलं ते वाचून रात्री झोप लागली नाही. आणि मग कळलं की ही बाई आपली नव्हेच. आपल्या बाईचं लग्न झालं त्या महिन्यात ही दुसरीकडे कोठडीत होती.

तेव्हा शहाणपण सुचलं, की उलटं जायचं. वारसाच्या दाखल्यात आपण तेच करतो ना, जिवंत माणसापासून मागे. विहीणबाईंच्या खापरपणजीची जन्मनोंद काढली, त्यात आईचं माहेरचं नाव मिळालं. मग लग्नाच्या परवानगीचं रजिस्टर. कैद्याला सरकारच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे, आणि त्या रजिस्टरात नावापुढे जहाजाचं नाव लिहिलेलं असतं. आपल्याकडे एका नावाची दोन माणसं निघाली की गाव विचारतात, तिथे जहाज विचारायचं. जहाज कळलं आणि दहा मिनिटांत ती सापडली. त्या जहाजाचं आणि तिचं नाव मी इथे लिहीत नाही, विहीणबाईंची तशी इच्छा आहे.

वय 22, इंग्लंडातल्या लँकेशायरची, कापडाची चोरी, 7 वर्षं, आगमन 1842. वर्णनाच्या यादीत उंची इंचाच्या पाव भागापर्यंत मोजलेली, केसांचा रंग, भुवया, हनुवटी, चेहऱ्यावरचे देवीचे वण. फोटो नव्हते त्या काळात पळालेल्या बाईला ओळखायचं तर हाच फोटो. मी ते वाचत गेले आणि सून स्वतःची हनुवटी चाचपत बसली.

मग मुख्य कागद, वर्तणुकीची नोंद. तो मला अगदी घरचा वाटला, कारण तो सरळसरळ रोजनामाच आहे, कोर्टात खटल्याची तारीखवार नोंद ठेवतात तसा. ओळीच्या सुरुवातीला तारीख, मग ज्याच्या घरी कामाला दिली त्या मालकाचं आडनाव, मग आरोप, मग शिक्षा, शेवटी मॅजिस्ट्रेटची आद्याक्षरं. अक्षर मुंगीएवढं, समासातही खुपसलेलं. परवानगीशिवाय गैरहजर, दारू प्यालेली, उद्धट बोलणं. इतके दिवस कोठडी आणि पाव-पाणी. जिथे एकही ओळ नाही ती वर्षं बहुधा बरी गेली असावीत, कारण बरं काही लिहायची त्या कागदाची रीतच नाही. आमच्या फायलींचीही नव्हती.

या टप्प्यावर मला वेगळाच प्रश्न पडला: ही बाई उतरली तेव्हा तिच्या हातात काय होतं? त्याचं उत्तर शोधताना एलिझाबेथ फ्राय भेटली. इंग्लंडातल्या नॉरिचची, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, अकरा मुलांची आई. 1813 साली ती पहिल्यांदा लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेली आणि बायका-पोरं एकत्र कोंबलेली बघून हादरली. 1817 मध्ये तिने बायकांचं मंडळ काढून तिथे शाळा आणि शिवणकाम सुरू केलं. बोटीवर न्यायच्या बायकांना तोवर बेड्या घालून उघड्या गाड्यांतून न्यायचे, रस्त्यातली गर्दी त्यांच्यावर घाण फेकायची. फ्रायबाईंनी बंद गाड्यांचा आग्रह धरला आणि स्वतः सोबत बंदरापर्यंत गेल्या. पुढे वीसेक वर्षं त्या आणि त्यांच्या मैत्रिणी लंडनच्या थेम्स नदीतून सुटणाऱ्या बायकांच्या जहाजांवर जात राहिल्या.

आणि प्रत्येकीला एक पिशवी देत राहिल्या. त्यात बायबल, एप्रन, टोपी, कंगवा, सुरी-काटा, कात्री, अंगुस्तान, 100 सुया, टाचण्या, रंगीत दोरे आणि 2 पौंड कापडाचे तुकडे. गरज असेल तर चष्मासुद्धा. चार महिने समुद्रावर हात रिकामे राहू नयेत आणि उतरल्यावर विकायला काहीतरी असावं, म्हणून.

2 पौंड म्हणजे किती? मी स्वयंपाकघरातला काटा काढला. गोधडीसाठी साठवलेल्या चिंध्या सातारहून येतानाही माझ्या सामानात होत्या, त्यावरून सुनेने मला चिडवलंही होतं. 900 ग्रॅम भरेपर्यंत टाकत गेले. उशीएवढा ढीग झाला. मापून कापले तर एका माणसाच्या गोधडीचा वरचा पदर निघेल, फार तर थोडं उरेल.

अशाच तुकड्यांची एक रजई कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. 1841 मध्ये 'राजा' नावाच्या जहाजावर 180 कैदी बायका होत्या. त्यांनी वाटेत 2,815 तुकडे जोडून ती शिवली. सव्वातीन मीटरच्या वर लांब-रुंद, कडेला भरतकामात आभाराचा मजकूर: बायकांच्या समितीचे उपकार आम्ही विसरलो नाही आणि उद्योगी राहण्याचा त्यांचा उपदेशही विसरलो नाही. असा मजकूर कैदी आपणहून लिहीत नाही, हे आयुष्यभर अर्ज वाचलेल्या बाईला कुणी सांगायला नको. पण टाके त्यांचेच. मोठं करून बघितलं तर काही टाके एकसारखे बारीक आहेत, काही चांगलेच वेडेवाकडे. कुठेतरी सुई टोचून रक्ताचा डागही पडलेला आहे म्हणतात. रजई नाजूक झाल्यामुळे क्वचितच बाहेर काढतात, मला फोटोवरच भागवावं लागलं.

आपली बाई 'राजा'वर नव्हती. पण तिचं जहाजही थेम्सवरूनच सुटलेलं, त्यामुळे पिशवी तिलाही मिळाली असणार. कागदात मात्र पिशवीचा उल्लेख नाही.

परतायच्या आठवड्यात आम्ही तिघी कॅस्केड्सला गेलो. होबार्टच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी. जुन्या दारूभट्टीची जागा घेऊन 1828 मध्ये बायकांचा तुरुंग केला, त्याला म्हणायचे फॅक्टरी. आता 2010 पासून जागतिक वारसा आहे. बहुतेक दगडी भिंती आणि रिकामी अंगणंच उरलीत. दुपारी तीनलाच डोंगराची सावली पडली आणि माझ्या पायात ओल चढली. इथे तान्ही पोरं फार मेली, ते त्या ओलीत उभं राहिल्यावर पटतं. शिक्षेच्या वर्गातल्या बायकांच्या कपड्यांवर पिवळं इंग्रजी 'सी' अक्षर असायचं: जाकिटाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागच्या बाजूला. आपली बाई दोनदा त्या वर्गात होती. कामही कपडे धुण्याचं.

विहीणबाई बराच वेळ भिंतीला हात लावून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "ती दुसरी, जिचं मूल गेलं, तिचेही कागद तू फेकले नाहीस ना?" नाही फेकले. वेगळ्या फाइलमध्ये आहेत.

आपल्या बाईच्या नोंदीतला एक शब्द मात्र अजून लागलेला नाही. 1846 च्या ओळीत मालकाच्या नावानंतर एक आरोप आहे, त्यावर शाई सांडली आहे. विहीणबाई म्हणतात तो 'गाणं' असावा, कारण गाण्याबद्दल शिक्षा झालेल्या बायका त्यांनी इतर नोंदींत पाहिल्यात. मला तो 'हसणं' वाटतो. आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भिंग लावून भांडतो.