नाशिकच्या भांडी बाजारात: कोरलेलं नाव गंजत का नाही?

रविवार कारंज्यावर रिक्षा सोडली आणि मावशीच्या मागोमाग भांडी बाजारात शिरले. नाशिक तांब्या-पितळेसाठी नावाजलेलं, पण मला स्टीलचा डबा हवा होता. आधीच्या डब्यात मी वर्षभर मीठ ठेवलं आणि त्याच्या तळाला टाचणीने टोचल्यासारखे काळे खड्डे पडले. मिठातलं क्लोराइड दमटपणात स्टीललाही पोखरतं. मावशी मीठ चिनी मातीच्या बरणीतच ठेवते, ते उगीच नाही.

दुकानदारांनी डबा मांडीवर घेतला आणि नाव घालायचं मशीन लावलं. टर्र आवाज करत सुईखालून एकेक अक्षर उमटू लागलं. मी विचारलं, "एवढं खरवडल्यावर तिथून गंज नाही धरणार?"

मावशी म्हणाली, "माझ्या रुखवतातल्या पातेल्यावर १९७९ घातलंय. धरलाय कधी?"

खरंच नाही धरला. त्याचं कारण मला फार आवडतं. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. पापुद्रे सुटतात, आतलं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, ३०४ नावाच्या चांगल्या स्टीलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास. हवेतला ऑक्सिजन लागला की या क्रोमियमचा ऑक्साइड तयार होतो. हा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा, पण इतका घट्ट की पाणी आणि हवा आत जात नाही. शिवाय क्रोमियम अंगभर मिसळलेलं असतं. कल्हई उडाली की पुन्हा करून घ्यावी लागते; इथे सुईने थर फाडला तरी हवा लागताच ती जागा आपोआप भरून निघते. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लींना असं पोलाद सापडलं, ते बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून धातू शोधताना!

शेजारच्या बाई डब्यांना लोहचुंबक लावून पाहत होत्या. चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील उत्तमच, असं नसतं. निकेल कमी घालून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त स्टीललाही ते चिकटत नाही. मी त्यांना तसं सांगितलं आणि दुकानदारांना ग्रेड विचारायला लावला.

तेवढ्यात दुकानदारांनी भुगा फुंकून डबा पुढे केला. माझ्या नावाखाली 'मावशीकडून' असं कोरलं होतं. मी काही बोलायच्या आत मावशी त्यांना म्हणाली, "आणि आजची तारीखही घाला."