फुल सस्पेन्शन माउंटन बाइक: छोटा ब्रँड की मोठा? माझा अनुभव

मला फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी, माउंटन बाइक घ्यायची होती. यादी गाळत गाळत शेवटी दोनच सायकली उरल्या. एक ट्रेक या मोठ्या अमेरिकी कंपनीची फ्यूएल ईएक्स, २०२२ मध्ये आलेली सहावी आवृत्ती, अ‍ॅल्युमिनियमची. दुसरी कॉटिकची जेट. कॉटिक ही इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली मोजक्या माणसांची कंपनी; जेटचा पुढचा त्रिकोण रेनॉल्ड्स ८५३ स्टीलचा. दोन्हींना २९ इंची चाकं, मागे १४० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे मागचं चाक तेवढं वर-खाली हलतं. मी पीक डिस्ट्रिक्टला लागूनच असलेल्या शेफील्डला राहतो, त्यामुळे दोन्ही सायकली हाताळून बघणं अवघड नव्हतं. इतक्या सारख्या सायकलींत नावावरून काही ठरत नाही. मी एकच प्रश्न धरून ठेवला: पाच वर्षांनी एखादा भाग झिजला, तर तो कुठे मिळेल आणि घरी बदलता येईल का?

सुरुवात बेअरिंगपासून केली, कारण फुल सस्पेन्शनवर सगळ्यात आधी खर्च काढतात ती बेअरिंगच. चाकाचं बेअरिंग गरगर फिरतं, म्हणून आतलं ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. सस्पेन्शनच्या सांध्यातलं बेअरिंग पूर्ण फेरा कधीच घेत नाही, काही अंश पुढे-मागे झुलतं. तेच छर्रे रेसच्या (ते ज्या रिंगवरून फिरतात तिच्या) त्याच जागी दाब देतात, ग्रीस बाजूला ढकललं जातं, आत शिरलेलं पाणी तिथेच बसतं आणि रेसवर खड्डे पडतात. पीक डिस्ट्रिक्टच्या काळ्या पीटच्या (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या) चिखलात आणि ब्रिटिश हिवाळ्यात हे लवकर होतं. बेअरिंग जाणारच, हे धरून चालायचं.

म्हणून दोन्हीकडून सुट्या भागांचं चित्र आणि बेअरिंगचे आकडे मागून घेतले. ६९०२ सारखा आकडा दिसला की चिंता नाही: आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७ मिमी, आणि ते कारखान्यांना बेअरिंग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं. पुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. ‘मॅक्स’ म्हणजे छर्रे वेगळे ठेवणारी जाळी काढून त्या जागेत जास्त छर्रे भरलेले; वेगाने फिरायला ते बरं नाही, पण दाब घ्यायला उत्तम, आणि सांध्याला तेच हवं. आतली रिंग एका बाजूने लांबवलेली असेल तर मात्र ते बेअरिंग बहुधा कंपनीकडूनच घ्यावं लागतं. आणखी एक गोष्ट चित्रात शोधायची: बेअरिंग बसतं ते घर पलीकडून उघडं आहे की बंद. उघडं असेल तर मागून दाबून निघतं. बंद असेल तर आतून पकडणारा पुलर लागतो, आणि गंजलेलं बेअरिंग ओढताना बाहेरची रिंग घरातच अडकते.

बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा आस फिरतो तो भाग) आट्यांचा हवा, हा माझा हट्ट होता. दोन्हींवर ७३ मिमीचा आट्यांचाच निघाला. फरक पडला केबलींत. ट्रेकमध्ये त्या फ्रेमच्या आतून जातात, कॉटिकमध्ये बाहेरून. मागच्या ब्रेकची नळी बदलायची तर बाहेरच्या मांडणीत प्लॅस्टिकचे टाय कापले की काम सुरू. आतून असेल तर नळी सोडवा, ओवा, टोक कापा आणि मग ब्रेक ब्लीड करा, म्हणजे नळीतली हवा काढा.

दोन्ही ठिकाणी मी स्वतःचा शॉक पंप (मागचा धक्का शोषणाऱ्या शॉकमध्ये हवा भरायचा) आणि ४, ५, ६ मिमीच्या अ‍ॅलन की घेऊन गेलो. दुकानातली सायकल आधीच्या माणसाच्या वजनाला लावलेली असते, आणि तशीच चालवली तर त्या माणसाच्या सेटिंगची परीक्षा होते, सायकलची नव्हे. पाउंडांतल्या वजनाइतके पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ही बरी सुरुवात: ७५ किलो म्हणजे साधारण १६५. अर्धी हवा भरून शॉक आठ-दहा वेळा दाबायचा, म्हणजे आतल्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह या दोन हवेच्या कप्प्यांतला दाब सारखा होतो, मग उरलेली भरायची. हेल्मेट, बॅग, पाणी यांसकट बसून शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग किती सरकली ते मोजायचं. ते अंतर म्हणजे सॅग, आणि शॉक जास्तीत जास्त दबतो तो स्ट्रोक. ५५ मिमी स्ट्रोकच्या शॉकवर ३० टक्के सॅग म्हणजे १६.५ मिमी. तिथेच दुसरा हिशेब होतो: १४० भागिले ५५, म्हणजे सरासरी अडीचपट लिव्हरेज; शॉक जितका दबतो त्याच्या अडीचपट चाक हलतं. हा आकडा वाढला की वजनदार माणसाला शॉकमध्ये फार दाब ठेवावा लागतो आणि सीलवर ताण येतो.

मग दुकानदाराची परवानगी घेऊन शॉकचा एक बोल्ट काढला आणि मागचं चाक हाताने वर-खाली केलं. हे कुणी करत नाही, पण सगळ्यात जास्त यातूनच कळतं. चाक स्वतःच्या वजनाने सहज खाली यायला हवं. मध्येच अडकलं किंवा आडवं हललं तर घरं सरळ रेषेत नाहीत, आणि नवी बेअरिंग घालूनही ती लवकरच जाणार. बोल्ट परत घालताना तो बोटांनी आरपार जावा. ढकलावा लागला तर शॉकच्या दांड्यावर कायम आडवा जोर राहील.

वॉरंटीचा कागद शांतपणे वाचावा. ट्रेक फ्रेमला पहिल्या मालकासाठी आजीवन हमी देते आणि ती खरोखर मोलाची आहे. पण अशी हमी बनावटीतल्या दोषाला असते. पडून फ्रेम वाकली तर ती लागू होत नाही. जुनी फ्रेम बंद झालेली असेल तर नव्या आवृत्तीची मिळते, आणि तिला तुमचा सीटपोस्ट (सीटचा दांडा) किंवा शॉक बसेलच असं नाही. म्हणून दोन्हीकडे विचारलं: मागचा त्रिकोण सुटा मिळतो का, किती वर्षं? मोठं नाव टिकेलच, हेही धरून चालू नये. १९८१ पासूनच्या रॉकी माउंटन या कॅनडातल्या सायकल कंपनीला डिसेंबर २०२४ मध्ये देणेकऱ्यांपासून न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं, आणि त्याच वर्षी कोना ही सायकल कंपनी तिच्या संस्थापकांनी परत विकत घेतली.

मी जेट घेतली. स्टीलची फ्रेम जड आहे आणि ट्रेकसारखा खालच्या नळीतला सामानाचा कप्पा तिच्यात नाही. पण तिच्यावरचं जवळपास सगळं काम मी घरी करू शकतो.

पुण्यात असतो तर निर्णय उलटा असता. तिथे ट्रेक, जायंट यांचे विक्रेते आहेत. छोट्या ब्रँडची फ्रेम बाहेरून मागवायची तर कस्टम ड्युटी, आंतरराष्ट्रीय वाहतूक, आणि वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली की पुन्हा तोच प्रवास. बेअरिंगचे आकडे मात्र तिथेही तेवढेच बघितले असते. सह्याद्रीतला पावसाळी तांबडा चिखल सीलची काही गय करत नाही.

स्टील घेतलं तर सायकल जोडण्याआधी नळ्यांच्या आत गंजरोधक मेण फवारायचं आणि बॉटम ब्रॅकेटखालचं पाणी जायचं भोक मोकळं ठेवायचं. सांध्यांचे बोल्ट कंपनीने दिलेल्या आकड्यावर टॉर्क पान्यानेच आवळायचे. आट्यांना निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारं द्रव), तेही ग्रीस पूर्ण पुसून, नाहीतर ते धरत नाही. पहिल्या काही राइडनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, कारण नवी बेअरिंग घरात नीट बसली की बोल्ट थोडे सैल होतात आणि करकर सुरू होते.