गळलेल्या पानाचा हिशेब

टेबलावर मनीप्लांटची छोटी वेल आहे. तिला पाणी घालताना मला वाटायचं, हा आमच्यातला रोखीचा व्यवहार: मी पाणी देते, ती प्राणवायू. एकदा रिकामपणी हिशेब मांडला आणि पंचाईत झाली. माणसाला दिवसाला साधारण ५५० लिटर प्राणवायू लागतो. वेलीच्या सात-आठ पानांची दिवसभराची कमाई माझ्या दोन-चार जांभयांतच संपेल. शिवाय रात्री तीही माझ्यासारखाच श्वास घेणार.

मग मला जगवतंय कोण?

१७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली याने मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. पुढे यान इंगेनहाउझने दाखवलं, की ही करामत नुसत्या पानाची नाही. त्याला ऊन हवं. इथवर सगळं आपल्या शाळेतल्या आकृतीसारखंच. झाडं देतात, प्राणी घेतात, मध्ये दोन गोंडस बाण.

त्या आकृतीत एक पात्र बहुधा नसतंच: कुजणं. पान गळतं, बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात, आणि ते पान घडताना जेवढा प्राणवायू सुटला होता जवळजवळ तेवढाच पुन्हा खर्ची पडतो. म्हणून ‘पृथ्वीचं फुफ्फुस’ म्हणवणाऱ्या ॲमेझॉनच्या जंगलाचाही प्राणवायूचा जमाखर्च शून्याच्या आसपासच येतो. (जंगल राखायला इतर कारणं रग्गड आहेत. हे एक खोटं कशाला चिकटवायचं?) समुद्रातले सूक्ष्म जीव पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा उचलतात, पण त्यांचंही तेच: मिळवलं की उडवलं.

तरी हवेत २१ टक्के प्राणवायू आहेच. तो आला, जे कुजायचं राहून गेलं त्यातून. मेलेल्या जीवांचा एक किंचितसा अंश दरवेळी समुद्रतळाच्या गाळात दबला, कुणाच्या तोंडी लागण्याआधीच खडकात बंद झाला. त्याला कुजवण्यात जो प्राणवायू जायचा, तो वर हवेत उरला. अशी चिमूट चिमूट शिल्लक कोट्यवधी वर्षं साठत गेली. सुरुवात नीलहरित जिवाणूंनी केली. त्यांनी सोडलेल्या वायूने आधी समुद्रात विरघळलेलं लोखंड गंजवलं. हवेत तो टिकू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हाच्या बऱ्याच जीवांना तो विषच होता. नाव ठेवायची पाळी त्यांच्यावर आली असती, तर ‘प्राणवायू’ खचितच ठेवलं नसतं.

म्हणजे आत्ता छातीत भरला तो श्वास टेबलावरच्या वेलीचा नव्हे, कुठल्यातरी विसरलेल्या गाळाची मेहेरबानी. खनिज तेल जाळतो तेव्हा आपण तोच गाळ उकरून, राहिलेलं कुजणं घाईघाईने उरकतो. त्यापायी हवेतला प्राणवायू कणाकणाने घटतोय, हे मोजलंही गेलंय. साठा एवढा प्रचंड, की श्वासाला त्याचा पत्ता लागत नाही. काळजी त्या धुराची.

वेलीला पाणी अजून घालते, ती हिरवीगार दिसते म्हणून. काल तिचं एक पिवळं पान गळलं. उचलून कुंडीतल्या मातीवरच ठेवलं. आज त्याच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय. वसुली सुरू झालेली.